पिना कोणी ठरवायच्या?



विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की ही गाडी तुमच्याही शाळेत दिसत असेल. दोन पिवळ्या बीओ मोटरी, पुढे एक छोटं गरगर फिरणारं चाक, वर निळा आर्डुइनो, वायरींचं जाळं आणि समोर दोन डोळ्यांसारखा दिसणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर. अडथळा आला की गाडी थांबते, मान वळवून दोन्हीकडे बघते आणि मोकळ्या बाजूने निघून जाते. बघायला छानच वाटतं. आता त्या गाडीमागे उभ्या असलेल्या मुलाला एक प्रश्न विचारून बघा: "बाळा, ही वायर पाच नंबरलाच का लावलीस? चार नंबरला का नाही?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "सरांनी सांगितलं म्हणून" किंवा "व्हिडिओत तशी होती म्हणून."

माझं मत असं आहे की त्या गाडीतला सगळ्यात मोलाचा पाठ या एका प्रश्नात आहे, आणि नेमका तोच आपण मुलांच्या हातून काढून घेतो. किट आणतो, तक्ता फळ्यावर लिहितो, मुलं वायरी जोडतात. मीही हेच करत होते. त्याची किंमत एका मुलीने मोजली, म्हणून हे लिहिते आहे.

मी वराळ्यात राहते, प्राथमिकला शिकवते. इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण माझ्याकडे नाही, डीएडला ते नव्हतंच. पण आमच्या भागात पोरांचे आईवडील तळेगाव-चाकणच्या एमआयडीसीत कामाला, त्यामुळे मोटर, सेन्सर, रिले हे शब्द मुलं घरातूनच घेऊन येतात. सातवीच्या मुलांनी गाडी करायची म्हटल्यावर मी पुण्याला जाऊन बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सामान आणलं. आर्डुइनो उनो, एल२९३डी ही मोटर चालवणारी आयसी, झिरो पीसीबी, बर्ग स्ट्रिप, मान फिरवायला सर्व्हो मोटर. तयार मोटर शील्ड मुद्दाम आणलं नाही, मुलांनी स्वतःचा छोटा बोर्ड सोल्डर करावा अशी इच्छा होती. इथपर्यंत माझं डोकं ठिकाणावर होतं.

मग मी फळ्यावर तक्ता लिहून दिला. चाकांचा भाग एका व्हिडिओतून घेतला, त्यात दोन्ही मोटरींच्या वेगाच्या वायरी ९ आणि १० नंबरच्या पिनांना होत्या. मानेचा भाग दुसऱ्या व्हिडिओतून घेतला, त्यात सर्व्हो ६ नंबरला. नुसती चाकं चालवली, चालली. नुसती मान फिरवली, फिरली. दोन्ही एकत्र केलं आणि गाडी बसली. पूर्ण वेग दिला की चाकं फिरायची, अर्धा वेग दिला की ठप्प. मान मधूनच थरथरायची.

बोर्ड एका मुलीने सोल्डर केला होता. वर्गातली सगळ्यात नीटनेटकी. मी तिला म्हणाले, "तुझे जोड कच्चे राहिलेत, पुन्हा कर." तिने पुन्हा केले. तरी तेच. मी तिसऱ्यांदा करायला लावले, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी माझा आवाज चढला होता, कारण प्रदर्शन जवळ आलं होतं. चौथ्या दिवशी ती माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, माझ्या हाताला हे येतच नाही. माझं नाव काढा. मी रांगोळीत जाते."

त्या रात्री मी पहिल्यांदा आर्डुइनोच्या स्वतःच्या माहितीपानावर सर्व्होबद्दल काय लिहिलंय ते वाचलं. तिथे सरळ लिहिलेलं आहे: उनोवर सर्व्होची लायब्ररी वापरली की ९ आणि १० या पिनांवरचा पीडब्ल्यूएम बंद होतो, मग सर्व्हो त्या पिनांना जोडलेला असो वा नसो. म्हणजे पोरीचा एकही जोड कच्चा नव्हता. तक्ता कच्चा होता, आणि तो माझा होता. लक्षण तर डोळ्यांसमोर होतं. कच्चा जोड वेग बघून रुसत नाही. पूर्ण वेगाला चाक फिरतंय म्हणजे वायर धडधाकट आहे, एवढा विचार मी करायला हवा होता.

हे असं का होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका छोट्या चिपमधला संगणक. त्याच्या पिनेतून दोनच गोष्टी बाहेर येतात, चालू किंवा बंद. अर्धा वेग हवा असेल तर तो पिन सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद, म्हणून मोटर निम्म्या जोराने फिरते. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. ही उघडझाप मोजायला आत घड्याळं लागतात, त्यांना टायमर म्हणतात. उनोच्या चिपमध्ये असे तीन टायमर आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन पिना: पहिल्याकडे ५ आणि ६, दुसऱ्याकडे ९ आणि १०, तिसऱ्याकडे ३ आणि ११. म्हणून वेग कमी-जास्त करता येईल अशा पिना या सहाच. सर्व्होची लायब्ररी दुसरं घड्याळ स्वतःच्या कामासाठी पूर्ण ताब्यात घेते. बझरवर सूर वाजवायला घेतलात तर तिसरं घड्याळ अडतं आणि ३ व ११ वरचा वेग बिघडतो. बाहेरून सगळ्या पिना सारख्याच दिसतात, काळ्या पट्टीतली सारखीच भोकं. आतली नाती मात्र ठरलेली आहेत.

शिक्षकांना हे समजायला अजिबात अवघड जाऊ नये. आपण दरवर्षी जूनमध्ये वेळापत्रक करतो की नाही? सुरुवात गणित-मराठीपासून करतो का? नाही. ते कुठेही बसतात. आधी जे हलवता येत नाही ते भरतो. पोषण आहाराची वेळ. दोनच दिवस येणारे खेळाचे सर. एकच प्रोजेक्टर असलेली खोली. दोन वर्ग एकत्र बसवावे लागत असतील तर तो तास. हे सगळं बसलं की उरलेल्या चौकटीत बाकीचे विषय. उलट क्रमाने भरलं की शुक्रवारी दुपारी एका खोलीत दोन वर्ग येऊन उभे राहतात. माझ्या गाडीत तेच झालं होतं: एक घड्याळ आणि दोन दावेदार.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर सांगितलं की चूक माझी होती. मुलगी रांगोळीतून परत आली, पण सोल्डरिंग गनला काही दिवस तिने हात लावला नाही. मी म्हटलं, ठीक आहे, तू पेन्सिल घे. ड्रॉइंगच्या कागदावर उनोच्या वीस पिना काढ, १४ डिजिटल आणि ६ अॅनालॉग, आणि आपण सगळे मिळून वेळापत्रक करू.

त्या दोन तासिका माझ्या नोकरीतल्या चांगल्या तासिकांपैकी आहेत.

आधी फुल्या मारल्या. ० आणि १ वर फुली, कारण संगणकाशी बोलणं त्याच दोन वायरींवरून चालतं. तिथे मोटर लावली तर प्रोग्राम चढवताना चाकं झटके मारतात, कधी प्रोग्रामच चढत नाही. १३ वर फुली, कारण बोर्डावरचा छोटा दिवा तिच्यावर आहे आणि बोर्ड सुरू होताना तो आपोआप लुकलुकतो. त्या पिनेवर चाक असेल तर तेही लुकलुकेल की! हे एका मुलाने स्वतःच ओळखलं. अॅनालॉगपैकी ४ आणि ५ या पिना राखून ठेवल्या, पुढेमागे छोटा डिस्प्ले लावायचा झाला तर त्या लागतात.

मग दुर्मीळ गुणाच्या जागा. वेगाच्या दोन वायरी ५ आणि ६ ला, कारण त्यांचं घड्याळ सर्व्हो किंवा बझर कोणीच पळवत नाही. सर्व्हो ९ ला. इथे वर्ग चक्रावला. "मॅडम, नऊ तर बिघडलेली ना?" बिघडलेली नाही, तिचा पीडब्ल्यूएम जाणार आहे. मग ज्या पिनेचा तो गुण तसाही जाणार, तिच्यावरच सर्व्हो बसवला तर चांगली पिन वाया जात नाही. बझर त्याच न्यायाने ११ ला. अल्ट्रासॉनिकच्या दोन वायरींना विशेष काही लागत नाही, त्या अॅनालॉगच्या ० आणि १ वर. अॅनालॉग पिना साध्या डिजिटलसारख्याही वापरता येतात, ही मुलांसाठी बातमीच होती. "म्हणजे चित्रकलेच्या खोलीत गणित पण घेता येतं," एक जण म्हणाला.

राहिल्या चाकांच्या दिशेच्या वायरी. एल२९३डीला प्रत्येक मोटरमागे तीन वायरी लागतात: एक वेगाची, दोन दिशेच्या. दिशेच्या दोन्हींपैकी एक चालू, एक बंद म्हणजे पुढे. अदलाबदल केली की मागे. दिशेला पीडब्ल्यूएम नको, कोणतीही पिन चालते. मी ४, ७, ८ आणि १२ सुचवल्या. पेन्सिल हातात असलेल्या मुलीने मान हलवली. तिचं म्हणणं, १२ फार लांब आहे, झिरो पीसीबीवर तेवढी एकच वायर बाकीच्यांवरून उडी मारून न्यावी लागेल. तिने २, ४, ५ डाव्या मोटरला आणि ६, ७, ८ उजव्या मोटरला दिल्या. डावी मोटर एका बाजूला, उजवी दुसऱ्या बाजूला, वायरी शेजारी शेजारी. बोर्ड सुटसुटीत झाला असता यात शंकाच नाही.

पण २ नंबरची पिन खास आहे. उनोवर २ आणि ३ याच दोन पिना अशा आहेत, ज्यांच्यावर बाहेरून ठोका पडताच चिप हातातलं काम सोडून लगेच लक्ष देते. चाकाचे फेरे मोजायचे असतील तर त्या लागतात. मी म्हटलं, शेजारी आहे म्हणून खास पिन साध्या कामाला लावायची का? दोन गट पडले. चांगलं अर्धा तास भांडण. एक गट म्हणे पुढच्या वर्षीच्या मुलांना फेरे मोजायचे असतील तर? दुसरा म्हणे, त्यांनी त्यांचा बोर्ड करावा. शेवटी तिनेच तोड काढली: २ दिशेला वापरू, ३ रिकामी ठेवू, एका चाकाचे फेरे मोजले तरी अंतर कळतंच. मी असते तर १२ घेतली असती, अजूनही घेईन. पण तिचं उत्तरही बरोबर आहे. अशा कामात दोन बरोबर उत्तरं असू शकतात आणि प्रत्येकाला कारण द्यावं लागतं, हे सातवीच्या मुलांना आपण गणिताच्या तासाला कधी दाखवतो?

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला: "प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी मोटरला गप्प बस म्हणून कोण सांगतं?" अख्ख्या तासातला सगळ्यात भारी प्रश्न. बोर्ड सुरू होत असतो तेव्हा पिना कोणाच्याच ताब्यात नसतात, अधांतरी असतात, आणि तेवढ्यात चाक फिरू शकतं. यावर उपाय साधा आहे, वेगाच्या प्रत्येक वायरीपासून ग्राउंडला एक १० किलोओहमचा रेझिस्टर. पण हा रेझिस्टर तयार तक्त्यातून जोडला असता तर मुलांच्या लेखी तो नुसता एक भाग होता. आता त्याला काम आहे.

तक्ता एका ताईंनाही दाखवला. मुलाची आई, वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या कंपनीत लाइनवर असतात. पालकसभेनंतर सहज थांबल्या होत्या. त्यांनी कागद पाहिला आणि पहिलंच वाक्य, "रंग कुठे लिहिलेत?" त्यांच्याकडे म्हणे प्रत्येक वायरचा रंग आणि कनेक्टरमधलं घर ठरलेलं असतं, नुसत्या नंबरावर कोणी विसंबत नाही. मग त्यांनी विचारलं, "हा कनेक्टर उलटा बसला तर?" आम्ही सगळे गप्प. त्यांनी सांगितलं, बर्ग स्ट्रिपमधली एक पिन कापा आणि समोरच्या पट्टीतलं तेच भोक बुजवा, मग उलटा घालायला गेलं तरी जाणारच नाही. आम्ही तसंच केलं. या ताई पालकसभेत नेहमी शेवटच्या रांगेत बसायच्या. त्या दिवशी मुलगा आईकडे ज्या नजरेने बघत होता ती मी विसरणार नाही.

आता तुमच्या मनात येणारे आक्षेप मला माहीत आहेत, कारण स्टाफरूममध्ये ते सगळे ऐकून झालेत.

"प्राथमिकच्या मुलांना हे झेपेल का?" टायमरचा आतला कारभार झेपणार नाही, झेपायची गरजही नाही. आधी अडलेल्या जागा भर, मग मोकळ्या, हे चौथीतल्या मुलालाही कळतं. तो वर्गसहलीच्या बसमध्ये उलटी होणाऱ्या मुलांना खिडकी देतोच की.

"वेळ कुठे आहे?" हा आक्षेप खरा आहे. मला दोन तासिका लागल्या आणि त्याआधीचे चार दिवस चुकीच्या तक्त्यात गेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे, त्यातला अर्धा दिवस याला दिला तर बिघडत नाही.

"मग तयार शील्ड वाईट का?" वाईट नाही, उलट फार शहाणपणाने केलेलं असतं. बाजारात मिळणारं ते निळं एल२९३डी शील्ड नीट बघा. मोटरींचे वेग ३, ५, ६ आणि ११ वर आहेत आणि सर्व्होच्या दोन जागा बरोबर ९ आणि १० वर. म्हणजे माझ्या चार दिवसांच्या गोंधळाचं उत्तर त्या बोर्डावर कोरलेलंच होतं. कोणीतरी आमच्यासारखाच कागद घेऊन बसलं होतं. पण ते तयार होतं, म्हणून मी आजवर कधी विचारलंच नव्हतं की सर्व्हो तिथेच का. मी आता शील्ड शेवटी दाखवते, स्वतःचा तक्ता झाल्यावर. मुलं ते सोडवलेल्या उदाहरणासारखं वाचतात आणि "इथे यांनी बझरचा विचार नाही केला" अशी चूकही काढतात. ३ आणि ११ वेगात गेल्या म्हटल्यावर सूर वाजवताना अडचण येणारच.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. गावाला लागणारी खरी कामं करता करता शिकायचं, हा त्यांचा आग्रह. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने २००२ मध्ये तिथे फॅब लॅब उभी राहिली, जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक. तिथलं तत्त्व आपण प्रदर्शनाच्या भाषणात घेतो आणि गाडी मात्र किटची नेतो. आर्डुइनोसुद्धा २००५ मध्ये इटलीत विद्यार्थ्यांसाठीच जन्मला, त्यांनी स्वतः जोडून बघावं म्हणून. ज्या शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळाली आहे त्यांच्याकडे सामानाची कमतरता नाही. तिथल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की कपाट उघडण्याआधी एक कोरा कागद द्या.

पालकांनाही एक सांगायचं आहे. वाढदिवसाला रोबोटचं किट घेऊन देता, चांगलं आहे. सोबतचं पुस्तक मात्र पहिल्या दिवशी देऊ नका. सुटे भाग आणि पिनांचं चित्र द्या आणि विचारा, तू कुठे लावशील? चुकीचं लावलं तर काय जळेल, एवढंच तुम्ही बघा: मोटर थेट पिनेला जोडू द्यायची नाही, कारण उनोची पिन जेमतेम २० मिलिअँपिअर सुखाने देते आणि मोटर त्याच्या कित्येक पट मागते. मोटरच्या बॅटरीचं ग्राउंड आणि बोर्डाचं ग्राउंड एकत्र जोडलेलं आहे ना, तेही बघा. बाकी चुका होऊ द्या. आणि ईएसपी-३२ बोर्ड घेतलात तर आमचा तक्ता उतरवू नका, तिथले नियम निराळे आहेत. ३४ ते ३९ या क्रमांकांतल्या पिना फक्त ऐकतात, बोलत नाहीत. ६ ते ११ आतल्या मेमरीला जोडलेल्या असतात. आणि १२ वर सुरू होतानाच दाब असेल तर बोर्ड अडू शकतो. नवीन बोर्ड, नवीन कागद.

त्या वर्षी आमची गाडी प्रदर्शनात गेली, नंबर आला नाही. परीक्षकांनी पाच नंबरचा प्रश्न विचारला नाही, मुलं मात्र उत्तर देण्यासाठी टपून बसली होती. ती मुलगी आता हायस्कूलला आहे. तिचा पेन्सिलचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून मी कपाटाच्या दारावर लावलाय, १० नंबरची पिन त्यावर अजून रिकामी आहे. या वर्षीच्या सातवीला शेतातल्या पंपासाठी काहीतरी करायचंय, त्यांनी दहावर डोळा ठेवलाय. मी म्हटलंय, आधी कारण लिहून आणा.